ड्रेस्डेनचा श्टोलन: लोण्यावरच्या बंदीपासून पिठीसाखरेच्या थरापर्यंत

नाताळात खायचा श्टोलन हा जर्मन पाव नाताळच्या आठवड्यात भाजून चालत नाही. तो नोव्हेंबरच्या शेवटी भाजायचा, गुंडाळून थंड जागी ठेवायचा आणि निदान दोन-तीन आठवडे त्याच्याकडे बघायचंही नाही. हा मुरण्याचा काळ पाककृतीचाच भाग आहे. बेदाणे आधी भिजवणं, मेवा अगदी शेवटी घालणं, भट्टीतून काढताच लोण्यानं माखणं, वर साखरेचा जाड थर देणं, यातली प्रत्येक पायरी पाव टिकावा आणि टिकताना अधिक चवदार व्हावा म्हणूनच आहे. कृती पाठ करण्याआधी हे डोक्यात पक्कं बसलं, तर पुढच्या निम्म्या चुका होतच नाहीत.

श्टोलन दिसायला ओबडधोबड असतो: लांबट, मधे उंच, एका बाजूला दुमडलेला, वरून पांढराशुभ्र. कापडात गुंडाळलेल्या बाळ येशूचं हे रूप आहे, असं जर्मनीत मानतात. रचनेनं तो केक नाहीच. यीस्टवर फुगवलेला, लोण्यानं आणि सुक्या मेव्यानं जड झालेला पाव आहे. म्हणून केकच्या सवयी इथे उपयोगी पडत नाहीत. बेकिंग पावडरचा झटपट श्टोलन जर्मनीतही करतात, पण तो वेगळा पदार्थ आहे आणि तो आठवडे टिकेल अशी अपेक्षा ठेवू नये.

लोणी नसलेला श्टोलन

नाताळच्या या पावाचा सर्वांत जुना उल्लेख १३२९ चा, नाउमबुर्गचा. तिथल्या बिशपनं बेकऱ्यांच्या संघाला सनद दिली आणि मोबदल्यात दर नाताळला गव्हाचे दोन लांब पाव मागितले. ड्रेस्डेनमध्ये १४७४ साली सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या हिशेबात हा पाव सापडतो. तेव्हा तो उपवासाचा पदार्थ होता: पीठ, यीस्ट आणि पाणी. नाताळाआधीचे आठवडे चर्चच्या नियमानं उपवासाचे, त्यात लोणी आणि दूध वर्ज्य. स्निग्धतेसाठी तेल वापरावं लागे, आणि तिथे मिळणारं तेल उग्र वासाचं होतं.

ड्रेस्डेन ज्या सॅक्सनीत आहे, तिथल्या राज्यकर्त्यांनी रोमकडे सवलत मागितली. १४९१ मध्ये पोप आठवे इनोसंट यांनी ती दिली. ते पत्र पुढे ‘लोण्याचं पत्र’ म्हणून ओळखलं गेलं. राजघराण्याला लोणी मोकळं झालं, बाकीच्यांनी मात्र त्याबद्दल वर्षाला गुल्डन या सोन्याच्या नाण्याचा विसावा भाग भरायचा होता. तो पैसा फ्रायबर्गच्या कॅथेड्रलच्या बांधकामाला गेला, कारण १४८४ च्या आगीत ते जळालं होतं. १५३९ मध्ये ड्रेस्डेननं प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला आणि लोण्यावरचा हा दंडही उरला नाही. आजच्या श्टोलनमध्ये पिठाच्या निम्म्या वजनाचं लोणी असतं. त्याची वाट इथून मोकळी झाली.

त्याच सॅक्सनीत १७३० साली, बलाढ्य ऑगस्टस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राजानं त्साइटहाइनच्या लष्करी मेळाव्यासाठी पावणेदोन टनांच्या आसपास वजनाचा एकच श्टोलन भाजून घेतला. त्यासाठी खास भट्टी बांधली आणि कापायला अवाढव्य सुरी घडवली. १९९४ पासून ड्रेस्डेनमध्ये अॅडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या काळातल्या, दुसऱ्या रविवारच्या आदल्या शनिवारी महाकाय श्टोलनची मिरवणूक निघते, ती याच प्रसंगाच्या आठवणीत. तिथला नाताळबाजार तर १४३४ पासून भरतो आणि या पावाच्याच जुन्या नावानं ओळखला जातो: श्ट्रीत्सेलमार्क्ट.

विसाव्या शतकातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण हा पाव घरांना किती जवळचा आहे हे तिच्यातून कळतं. पूर्व जर्मनीच्या काळात बेदाणे, बदाम, लिंबाची मुरवलेली साल या वस्तू दुर्मिळ होत्या. सालीच्या जागी साखरेत मुरवलेले हिरवे टोमॅटो आणि गाजर वापरलं जाई. पश्चिमेकडच्या नातेवाइकांच्या पार्सलमधून आलेला मेवा जपून ठेवायचा आणि तो घेऊन बेकरीत जायचं, अशी रीत होती. बेकरी मळून-भाजून देई. कुणाचा पाव कुठला हे कळावं म्हणून कच्च्या पावात नावाची किंवा खुणेची छोटी पत्र्याची पट्टी खोचत, आणि ती पावासोबत भाजली जाई.

प्रमाण

‘ड्रेस्डेनर क्रिस्टश्टोलन’ या नावाला २०१० पासून युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे. ड्रेस्डेन आणि आसपासच्या ठरावीक भागातच भाजलेल्या पावाला ते नाव लावता येतं. घरी केलेला तो फक्त श्टोलन. पण तिथल्या नियमातली प्रमाणं घरीही उत्तम मार्गदर्शक आहेत. १०० भाग पिठाला किमान ५० भाग बटर, ६५ भाग बेदाणे, २० भाग संत्र्या-लिंबाची मुरवलेली साल आणि १५ भाग बदाम. मार्गारिन चालत नाही, कृत्रिम वासही नाही. जर्मनीत एरवी साध्या श्टोलनला १०० भाग पिठामागे ३० भाग बटर आणि ६० भाग सुका मेवा पुरतो. या दोन आकड्यांतलं अंतर खाताना लगेच कळतं.

साधारण ७५० ग्रॅम कच्च्या वजनाचे दोन पाव होतील असं साहित्य:

मेव्यासाठी: सोनेरी बेदाणे ३२५ ग्रॅम, रम ६० मिली, मुरवलेली संत्र्याची साल ६० ग्रॅम, मुरवलेली लिंबाची साल ४० ग्रॅम, सोललेले बदाम ७५ ग्रॅम, बदामांसाठी दूध २ मोठे चमचे.

स्पंजसाठी (यीस्ट घालून आधी फुगवायचं पीठ): मैदा १५० ग्रॅम, कोमट दूध १३० मिली, इन्स्टंट ड्राय यीस्ट १२ ग्रॅम, साखर १ छोटा चमचा.

मुख्य पिठासाठी: मैदा ३५० ग्रॅम, बिनमिठाचं बटर २५० ग्रॅम, साखर ६० ग्रॅम, मीठ ६ ग्रॅम, एका लिंबाची किसलेली साल, जायपत्रीची पूड पाव छोटा चमचा, वेलदोड्याची पूड पाव छोटा चमचा, व्हॅनिला, आणि लागलंच तर दूध १ ते २ मोठे चमचे.

वरून: बिनमिठाचं बटर १२० ग्रॅम, बारीक दाणेदार साखर ८० ग्रॅम, पिठीसाखर १२० ग्रॅम.

अंडं नाही, आणि ते विसरून राहिलेलं नाही. अंड्यानं पाव आधी हलका लागतो, पण लवकर कोरडा पडतो. दूध कमी वाटेल, पण बटरमध्येच साधारण १६ टक्के पाणी असतं, शिवाय भिजलेला मेवा थोडा ओलावा देतो. पीठ घट्ट वाटलं म्हणून सुरुवातीलाच दूध वाढवलं, तर भट्टीत पाव पसरून चपटा होतो.

मैदा प्रथिनं जास्त असलेला घ्या, १०० ग्रॅममागे ११ ते १२ ग्रॅम. केकसाठीचा मऊ मैदा एवढा मेवा पेलू शकत नाही. वजनकाट्याशिवाय ही कृती करू नये. वाटीनं मोजलेल्या पिठात सहज ५० ग्रॅमचा फरक पडतो, आणि इतक्या कमी ओलाव्याच्या पिठाला तो सोसत नाही.

आदला दिवस: मेवा

बेदाणे कोमट पाण्यात धुऊन निथळा, कापडावर कोरडे करा, रम घालून झाकून ठेवा. बारा तास तरी हवेत, चोवीस उत्तम. मधे एकदोनदा हलवा. श्टोलन बिघडण्याचं सर्वांत मोठं कारण याच पायरीत असतं. कोरडे बेदाणे पिठात गेले की मुरण्याच्या आठवड्यांत ते आजूबाजूच्या पावातलं पाणी ओढून घेतात. बेदाणे टपोरे होतात आणि पाव भुशासारखा. आधीच तृप्त झालेले बेदाणे उलट थोडा ओलावा पावाला देतात.

दुसऱ्या दिवशी भांड्याच्या तळाशी रम उरली असेल तर गाळून काढा. ती पिठात ओतू नका, यीस्टला मद्यार्क जास्त झाला की पीठ सुस्त होतं. रम नको असेल तर संत्र्याचा रस घ्या. चव छान येते, पण असा पाव फ्रिजमध्येच ठेवून दोन आठवड्यांत संपवा.

बदामांचे जाड तुकडे करून दुधात भिजवा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. कारण तेच.

मुरवलेली साल घरी करणं अवघड नाही. जाड सालीच्या संत्र्यांची साल पांढऱ्या भागासकट काढा, पाण्यात पाच मिनिटं उकळून पाणी फेका, असं तीनदा करा. कडूपणा याच पाण्यातून जातो. मग सालीच्या वजनाइतकी साखर आणि निम्मं पाणी घेऊन मंद आचेवर साल पारदर्शक होईपर्यंत शिजवा, पाकातच रात्रभर ठेवा, जाळीवर सुकवा. तयार साल घेणार असाल तर अखंड फोडी घेऊन स्वतः कापा. बारीक चौकोनी रंगीत तुकड्यांत बहुतेकदा साखर तेवढी लागते.

पीठ

स्पंजचं साहित्य एकत्र करून झाकून ठेवा. दूध ३५ अंशांच्या वर नको, बोटाला जेमतेम कोमट. पाऊण ते एक तासात मिश्रण दुप्पट होऊन मधे खचायला लागतं, तेव्हा ते तयार. ही पायरी वगळून सगळं एकत्र मळलं तर काय होतं? लोणी आणि साखर दोन्ही यीस्टचा वेग मंदावतात. अशा पिठात यीस्टला नव्यानं जागं व्हायला लावलं, तर पाव तासन् तास तसाच बसून राहतो. स्पंजमध्ये यीस्टला साध्या पिठावर जोर धरू द्यायचा आणि मग ओझं टाकायचं.

मुख्य पिठाचा मैदा, साखर, मीठ, मसाले, लिंबाची साल आणि व्हॅनिला एकत्र करा. स्पंज आणि एक तृतीयांश बटर घालून पाच मिनिटं मळा. पीठ घट्ट आणि थोडं खरबरीत वाटेल, तसंच हवं. पाच मिनिटांनंतरही तळाशी कोरडं पीठ सुटं राहत असेल, तरच चमचाभर दूध घाला. मग उरलेलं बटर तीन भागांत घाला, आधीचा भाग जिरल्यावरच पुढचा. बटर दाबलं तर बोट उमटावं, पण चकाकू नये, म्हणजे १८ ते २० अंश. सगळं बटर एकदम घातलं तर पिठाच्या कणांवर चरबीचा थर बसतो आणि ग्लुटेन, म्हणजे पीठ धरून ठेवणारं लवचीक जाळं, जुळत नाही. मग पाव कापताना त्याचा चुरा होतो.

शेवटी गोळा मऊ, तुकतुकीत, भांड्यापासून सुटणारा हवा. मळताना पिठाचं तापमान २६ अंशांपर्यंत ठेवा. २८ ओलांडलं की बटर वितळून बाहेर येतं आणि गोळा तेलकट दिसू लागतो. तसं झालं तर आणखी मैदा घालून सावरू नका. गोळा पसरवून वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि पुन्हा दोन मिनिटं मळा, तो जुळून येतो.

झाकून पाऊण तास ठेवा. दुप्पट होण्याची वाट बघू नका. इतकं जड पीठ एक चतुर्थांश ते एक तृतीयांशच वाढतं.

आता मेवा. बेदाणे, साल, बदाम निथळून घ्या. गोळा चपटा करून त्यावर मेवा पसरा, घडी घाला, वळवा, पुन्हा दाबा. सात-आठ घड्यांत मेवा सगळीकडे पोचतो. मशीननं करायचं तर सर्वांत कमी वेगावर एक मिनिट, जास्त नाही. बेदाणे फुटले की त्यांचा गोड रस पिठात मिसळतो, पीठ करडं आणि चिकट होतं, आणि भाजताना जागोजागी काळपट डाग येतात. मेव्यासकट अर्धा तास पुन्हा विश्रांती.

आकार आणि भाजणं

पिठाचे दोन भाग करा. प्रत्येक भाग साधारण २५ बाय १८ सेंटिमीटरच्या लांबट पोळीसारखा थापा. लांबीच्या दिशेनं, मध्यापासून जरा बाजूला, लाटण्यानं खोलगट पन्हळ दाबा आणि रुंद बाजू अरुंद बाजूवर अशी दुमडा की खालची कड दोन बोटं बाहेर राहील. घडीची कड तळव्यानं घट्ट दाबा, नाहीतर भट्टीत ती उघडते.

वर आलेले बेदाणे एकेक करून उपटा आणि पावाच्या खालच्या बाजूत खुपसा. कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. उघडा बेदाणा पाऊण तासात जळतो आणि एकच जळका बेदाणा कापाची चव कडवट करतो.

ट्रेवर बेकिंग पेपर घालून पाव ठेवा. एकावर एक दोन ट्रे ठेवले तर तळ करपत नाही. झाकून ३० ते ४० मिनिटं ठेवा. बोटानं दाबलेला खळगा हळूहळू अर्धवट भरून आला की भट्टीची वेळ झाली. खळगा तसाच राहिला तर जास्त फुगलं आहे. मग वाट न बघता लगेच भाजा.

ओव्हन २०० अंशांवर तापवा. पाव आत गेला की १७५ वर आणा आणि मधल्याच्या खालच्या खणात ४० ते ४५ मिनिटं भाजा. पंचवीस मिनिटांनी वरचा रंग गडद होत असेल तर फॉइल सैल झाका. रंगावर विश्वास ठेवू नका, साखर-लोण्यामुळे पाव आतून कच्चा असतानाच वरून तपकिरी होतो. मध्यभागी थर्मामीटर ९२ ते ९४ अंश दाखवायला हवं. तो नसेल तर लाकडी काडी खुपसा. ओलं पीठ चिकटता कामा नये, पण बेदाण्याच्या चिकटपणानं फसू नका, दोन ठिकाणी बघा. कच्चा राहिलेला श्टोलन मुरत नाही, आतून आंबतो.

लोणी आणि साखर

पाव भट्टीत असतानाच १२० ग्रॅम बटर मंद आचेवर वितळवा. वरचा फेस काढा, खाली बसलेला पांढरा अंश मागे ठेवून फक्त पारदर्शक लोणी घ्या. बटरमधलं पाणी आणि दुधाचा अंश वरच्या थरात राहिला तर साखर ओली होऊन पिवळट डाग पडतात, आणि बुरशीलाही तिथेच वाव मिळतो.

पाव बाहेर काढून पाचच मिनिटं थांबा. टूथपिकनं वरून दहा-बारा भोकं पाडा आणि निम्मं लोणी ब्रशनं लावा, बाजूंना आणि उचलून तळालाही. ते शोषलं गेलं की उरलेलं लावा. पाव गरम असतानाच लोणी आत जातं, थंड झाल्यावर ते नुसतं गोठून वर बसतं. लोण्याचा दुसरा थर ओला असतानाच दाणेदार साखर सगळीकडून चोळा. पिठीसाखर आत्ता नको, गरम पावावर ती विरघळून चिकट होते. पाव जाळीवर पूर्ण थंड होऊ द्या, रात्रभर. दुसऱ्या दिवशी पिठीसाखर चाळणीतून इतकी घाला की खालचा पाव दिसेनासा होईल, आणि हातानं हलकेच दाबा.

हा थर सजावटीचा समजून कमी करण्याचा मोह अनेकांना होतो. तो कमी करू नये. लोणी पावातला ओलावा आत कोंडतं, साखर बाहेरचा ओलावा आत जाऊ देत नाही आणि तिच्यात बुरशी सहज वाढत नाही. गोड नको असेल तर पिठातली साखर २० ग्रॅम कमी करा, वरच्या थराला हात लावू नका.

मुरवणं आणि कापणं

बेकिंग पेपर, त्यावर फॉइल, मग घट्ट डबा. पाव जराही कोमट असताना गुंडाळला तर आत वाफ धरते आणि आठवड्यात बुरशी येते. जागा कोरडी, अंधारी, १० ते १५ अंशांची असावी. घर २० अंशांपेक्षा गरम असेल तर फ्रिजमध्येच ठेवा आणि खाण्याआधी दोन तास बाहेर काढा, नाहीतर गोठलेलं लोणी जिभेला मेणासारखं लागतं. दोन ते तीन आठवड्यांत रमचा तिखटपणा उतरतो, जायपत्री आणि लिंबाच्या सालीचा वास पावभर पसरतो, आणि भाजल्या दिवशी कोरडा वाटलेला पाव मऊ, दाट होतो. नीट गुंडाळून थंड ठेवलेला श्टोलन दोन महिन्यांपर्यंत चांगला राहतो. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी सगळा पाव टाकून द्या, तेवढा भाग कापून उपयोग नाही.

मार्झिपानची (बदाम आणि साखरेच्या गोळ्याची) वळी आत घालायची असेल तर प्रत्येक पावाला १०० ग्रॅम पुरे, घडीच्या पन्हळीत ठेवून दुमडा आणि पाच मिनिटं जास्त भाजा. खसखशीचा आणि क्वार्क या मऊ, ताज्या चीजचा श्टोलनही जर्मनीत आवडीनं खातात. क्वार्कचा मात्र मुरवायच्या भानगडीत पडू नका, तो आठवड्याभरात खाण्याचा आहे.

कापताना टोकापासून सुरुवात करू नका. मधोमध कापून दोन भाग करा, आतल्या बाजूंनी बोटभर जाडीचे काप काढा आणि उरलेले दोन भाग पुन्हा एकमेकांना चिकटवून गुंडाळा. कापलेली बाजू उघडी राहत नाही, त्यामुळे शेवटचा कापही पहिल्यासारखाच ओलसर निघतो. धारेला दात असलेली पावाची सुरी घ्या, साध्या सुरीनं दाबलं की साखरेचा थर तडकून गळून पडतो.